आजोबांची जुनी अमेरिकन गाडी: डॉज, प्लिमथ की डिसोटो? ओळखायची कशी?

नागपुरात धरमपेठ, सिव्हिल लाइन्सकडच्या जुन्या घरांत असा एखादा फोटो हमखास सापडतो: 1950 च्या आसपासची लांबलचक गाडी आणि शेजारी अख्खं कुटुंब. काका म्हणतात ती डॉज होती, आत्या म्हणते प्लिमथ, आणि गूगल लेन्स तिसरंच काहीतरी सांगतं. गंमत म्हणजे बऱ्याचदा तिघांचंही बरोबर असतं. कसं, ते पाहूया.

एकच गाडी, तीन नावं

पोको एक्स2 आणि रेडमी के30 हे आतून जवळपास एकच फोन आहेत, फक्त नाव वेगळं. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीनं हेच काम तेव्हा गाड्यांत केलं होतं. प्लिमथ हा त्यांचा स्वस्त ब्रँड. परदेशातल्या डॉज आणि डिसोटोच्या डीलर्सनाही स्वस्त गाडी हवी होती. म्हणून प्लिमथवरच थोडे बदल करून, वेगळे बिल्ले लावून ‘डॉज किंग्जवे’ आणि ‘डिसोटो डिप्लोमॅट’ बाजारात आल्या.

आपल्याकडे या गाड्या मुंबईत कुर्ल्याला जोडल्या जायच्या. सोलापूरला जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स सुरू केली आणि 1947 पासून तिथून क्रायस्लरच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे फियाट आणि पद्मिनी बनवणारी कंपनी हीच.

लेन्स का गोंधळतं?

लेन्स तुमच्या फोटोतला आकार इंटरनेटवरच्या फोटोंशी जुळवून बघतं. तिथले बहुतेक फोटो अमेरिकेतले, त्यामुळे ते ‘प्लिमथ क्रॅनब्रुक’सारखं तिकडचं नाव देतं. आकार बरोबर ओळखला, पण भारतात लागलेला बिल्ला त्याला कळला नाही, एवढंच.

म्हणून अख्खा फोटो न देता फक्त बॉनेटचा भाग क्रॉप करून पाहा. फोटो खिडकीजवळच्या उजेडात काढा, फ्लॅश नको, कारण जुन्या चकचकीत कागदावर तो परावर्तित होतो. मग चिन्ह शोधा. प्लिमथचं चिन्ह शिडाचं जहाज, डॉजचं उसळी मारणारा मेंढा.

गाडी अजून घरात असेल तर

बिल्ला बदलता येतो, म्हणून इंजिन नंबर बघा. तो इंजिन ब्लॉकच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात कोरलेला असतो. प्लिमथमध्ये सुरुवातीच्या अक्षरांवरून मॉडेल कळतं: पी-20 म्हणजे 1950, पी-23 म्हणजे 1951-52, पी-24 म्हणजे 1953. बिल्ला डॉज किंवा डिसोटोचा असेल तर ही अक्षरं वेगळी असू शकतात. नंबरवर हलका खडू घासला की तो फोटोत स्पष्ट येतो.

हात लावण्याआधी दोन गोष्टी लक्षात ठेवा:

- बॅटरी 6 व्होल्टची: 1955 पर्यंतच्या या गाड्यांत 6 व्होल्टची सिस्टीम आहे आणि बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली असते. आजच्या गाडीच्या 12 व्होल्ट बॅटरीवरून जंप स्टार्ट देऊ नका. बल्ब आणि वायरिंग जळू शकतं.
- डाव्या चाकांचे बोल्ट उलटे: डाव्या बाजूच्या बोल्टना उलटे आटे असतात, म्हणजे ते उलट्या दिशेनं सैल होतात. पंक्चरवाल्याला आधीच सांगा, नाहीतर तो जोर लावून बोल्टच तोडेल.

डिझेल इंजिन टाकायचं का?

मूळ इंजिन सहा सिलिंडरचं, साधारण 3.6 लिटरचं पेट्रोल. ते पितं भरपूर, म्हणून बऱ्याच गाड्यांत नंतर डिझेल इंजिन बसवलं गेलं. पण आता हा निर्णय महागात पडू शकतो.

जुलै 2021 मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली खाजगी गाडी यात बसते, पण ती मूळ रूपात हवी. चॅसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठे बदल नकोत. नवीन नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. मात्र व्हिंटेज नोंदणीची गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच बाहेर काढायची.

म्हणून गॅरेजवाला “काढून टाका हो ते जुनं इंजिन” म्हणाला तरी थांबा. इंजिन बंद पडलेलं असलं तरी भंगारात देऊ नका.

जुनं आरसी बुक फेकू नका

जुनी नोंद संगणकावर चढलेली नसेल तर एमपरिवहन अ‍ॅपवर गाडी दिसणार नाही. अशा वेळी कागदच पुरावा. नागपूर 1956 पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतं, मग मुंबई राज्यात आलं आणि 1960 पासून महाराष्ट्रात. त्यामुळे आरसीवर दुसऱ्याच राज्याचं नाव दिसलं तर कागद खोटा समजू नका. प्रत्येक पान स्कॅन करून क्लाउडवर ठेवा.

आणि काका-आत्यांना गाडीबद्दल विचाराल तेव्हा फोनवर रेकॉर्डिंग सुरू ठेवा. गाडी कोणाकडून घेतली, कधी विकली, इंजिन कधी बदललं, हे कुठल्याच अ‍ॅपमध्ये मिळत नाही. ते फक्त त्यांनाच माहीत असतं.