पाणीमहाल आणि उद्याची गोष्ट

'सोलरपंक' हा शब्द कानावरून गेला असेल कदाचित. हवामान बिघडलंय हे मान्य करून, तरीही माणसं शहाणपणाने आणि मजेत जगतायत अशा भविष्याच्या या गोष्टी. शब्द २००८ च्या आसपासचा, कल्पना बरीच जुनी. बेगम रुकैयांच्या 'सुलतानाज ड्रीम' या १९०५ च्या इंग्रजी कथेत बायका राज्य करतात, सूर्याच्या उष्णतेवर स्वयंपाक करतात आणि ढगांतून थेट पाणी काढून घेतात. आपल्याकडे नारळीकरांच्या 'हिमप्रलय'मध्ये मुंबईत बर्फ पडतो, आणि शास्त्रज्ञ तंत्रज्ञानाच्या जोरावर संकट परतवतात.

पण अशी गोष्ट मराठवाड्यात घडवायची तर सुरुवात कुठून करायची?

माझं उत्तर : नळदुर्ग. जिल्हा धाराशिव, तालुका तुळजापूर. १६१३ मध्ये, दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, बोरी नदीवर धरण बांधलं आणि त्या भिंतीच्या पोटातच महाल काढला. नदी भरली की 'नर' आणि 'मादी' या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळतं, आणि आतला माणूस कोरडा राहून खिडकीतून ते बघतो. एकाच भिंतीची तीन कामं : पाणी साठवणं, किल्ला आणि समोरचं रणमंडळ जोडणं, आणि निव्वळ आनंद. आपल्याकडच्या धरणाच्या टेंडरमध्ये ही तिसरी ओळ कधी वाचलीय?

असो. इथेच थांबलो तर ही पर्यटनाची जाहिरात होईल. धरणानंतर सतराच वर्षांनी, १६३० मध्ये, दख्खनचा तो भीषण दुष्काळ सुरू झाला. किल्ल्यासाठी अडवलेलं पाणी मुलखाला कुठून पुरणार? २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला (१९८२ पर्यंत याच जिल्ह्याचा भाग) मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये भूम-परांड्यात पुराने शेतं खरवडून नेली. दोन्ही बग एकाच सिस्टिममधले!

म्हणजे बघा, इंजिनिअरिंग चारशे वर्षांपूर्वीच जमलं होतं. अडलंय ते वाटपापाशी. रुकैयांनी यंत्रांबरोबर सत्ताही बदलली, ते उगाच नाही. समजा, २१०० साल. बोरीकाठची गावं पेरणीआधी पाण्याचा हिशेब मांडतात, पीक त्यावरून ठरतं, पुराला पसरायला जागा राखलेली आहे, आणि धरणावरची खिडकी सगळ्यांसाठी उघडी आहे.

कोणी लिहायला घेणार असेल तर कळवा. पहिला वाचक मी.