तरसाचे कुलस्थान : सादृश्य आणि नाते

तरसाच्या अंगयष्टीवरून त्याची गणना श्वानकुलात करण्याचा मोह सहज होतो. लांब पाय, आत ओढून न घेता येणारी बोथट नखे, पुढे आलेले मुस्कट आणि बोटांवर चालण्याची रीत ही सारी लक्षणे कुत्र्याची आठवण करून देणारी आहेत. कार्ल लिनीअस यांनी १७५८ साली पट्टेरी तरसाला ‘कॅनिस हायीना’ हे नाव देऊन लांडगा व कोल्हा यांच्या पंक्तीस बसविले. १७६२ साली ब्रिसाँ यांनी तरसासाठी स्वतंत्र प्रजाती कल्पिली. तथापि १७७७ साली अर्क्सलेबेन यांनी आफ्रिकेतील ठिपकेदार तरसाचे नामकरण करताना त्याचा अंतर्भाव पुन्हा श्वानांतच केला. बाह्यरूप हेच प्रमाण मानले, तर याहून वेगळा निर्णय संभवत नव्हता.

हा प्रश्न अनिर्णीत असतानाच तरसाला भूशास्त्राच्या इतिहासात महत्त्वाचे स्थान लाभले. १८२१ साली इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यात कर्कडेल येथील गुहेत हत्ती, गेंडा, पाणघोडा आणि तरस यांची हाडे एकत्र सापडली. विल्यम बकलंड यांनी त्या हाडांवरील दातांच्या खुणा व तेथील वाळलेली विष्ठा तपासून ही गुहा म्हणजे तरसांची बीळ होती, असे प्रतिपादन केले. ऑक्सफर्डला आलेल्या एका फिरत्या प्राणिसंग्रहातील तरसाने बैलाचे हाड कसे फोडले, हे पाहून त्यांनी जिवंत प्राण्याच्या वर्तनाची तुलना प्राचीन अवशेषांशी केली. गुहेतील चिखलाचा संबंध महाप्रलयाशी जोडणारे आपले मत बकलंड यांनी पुढे सोडून दिले; कुरतडलेल्या हाडांविषयीचा निष्कर्ष मात्र टिकला.

हाडे प्राण्याचे वर्तन सांगू शकतात, तशी त्याची कुलकथाही सांगू शकतात. परंतु त्यासाठी योग्य हाड निवडावे लागते. दात, जबडे व पाय हे आहारविहाराप्रमाणे झपाट्याने बदलतात. म्हणून १८६९ साली विल्यम हेन्री फ्लॉवर यांनी मांसाहारी गणाची विभागणी करताना कवटीच्या तळभागावर, विशेषतः मध्यकर्णाला वेढणाऱ्या अस्थिमय पेटिकेवर, भर दिला. या रचनेचा शिकारीशी वा चालण्याशी फारसा संबंध नसल्याने तीत वंशाचा ठसा अधिक काळ टिकतो. या कसोटीने तरस श्वानांपासून दूर होऊन मार्जार, जवादी मांजर व मुंगूस यांच्या समूहात आला.

जीवाश्मांनी या निर्णयाला काळाची खोली दिली. लार्स वेर्डेलिन व निकोस सोलुनियस यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात या कुलाचा विस्तार मांडला आहे. मायोसीन युगातील आरंभीचे तरस लहान, जवादी मांजरासारखे होते. पुढे त्यांतून सडपातळ, धावणारी, लांडग्याच्या वळणाची रूपे निर्माण झाली. हाडे फोडणारे बलदंड दात हे या कुलाचे मूळ लक्षण नसून उत्तरकालीन विशेषीकरण होय. आपल्याकडील शिवालिक टेकड्यांतही प्राचीन तरसांचे अवशेष मिळाले आहेत. कॅस्मापोर्थेटीस ही एकच प्रजाती उत्तर अमेरिकेत पोहोचली. मायोसीनच्या अखेरीस उत्तर अमेरिकेत उगम पावलेले श्वान जुन्या जगात आले. हवामान पालटत असतानाच हे घडले, आणि श्वानसदृश तरसांची बहुतेक रूपे लोपली.

आज या कुलात चारच जाती शिल्लक आहेत : पट्टेरी, तपकिरी व ठिपकेदार तरस, आणि वाळवीवर जगणारा आर्डवुल्फ. यांपैकी भारतात केवळ पट्टेरी तरस आढळतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने तरसकुलाचे निकटतम आप्त मुंगूस व मादागास्कर बेटावरील मांसाहारी प्राणी असल्याचे दाखवून दिले. ही शाखा सुमारे २.९ कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली असावी, असे त्यात अनुमान आहे.

लिनीअस यांना दिसलेले सादृश्य खोटे होते, असे मात्र म्हणता येत नाही. श्वानांचा प्रवेश होण्यापूर्वी युरेशियात त्यांच्यासारखे जीवन तरसच जगत होते. समान जीवनक्रमाने दोन भिन्न कुलांना समान घाट दिला. सादृश्य हा जीवनक्रमाचा पुरावा असतो आणि नाते हा वंशाचा. या दोहोंतील भेद ओळखण्यास वर्गीकरणशास्त्राला शतकाहून अधिक काळ लागला. तरसाच्या कुलस्थानाचा इतिहास हा वस्तुतः त्या शिक्षणाचाच इतिहास होय.