आधी पाणी, मग तेल

हायलुरॉनिक अ‍ॅसिडची जन्मनोंद 1934 सालची आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी गुरांच्या डोळ्यातल्या पारदर्शक गरापासून हा पदार्थ वेगळा काढला. हंगेरीत जन्मलेल्या एन्द्रे बालाझ यांनी पुढे कोंबड्याच्या तुऱ्यातून तो शुद्ध करण्याची पद्धत बसवली. 1980 च्या सुमारास तो डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत रुळला, नंतर जिवाणूंकडून तयार करून घेता येऊ लागला आणि तिथून सीरमच्या बाटलीत आला. ही झाली पदार्थाची कुळकथा. कोरड्या त्वचेत ओल टिकवण्याच्या तंत्राची कुळकथा मात्र निराळी आहे आणि तिचा एक धागा वर्धा जिल्ह्यात आहे. तो ध्यानात घेतल्याशिवाय बाटलीतल्या पदार्थाची खरी किंमत ठरवता येणार नाही, असे माझे म्हणणे आहे.

1936 मध्ये मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठसेवेचे काम उभे केले. 1939 मध्ये संस्कृत पंडित परचुरेशास्त्री कुष्ठरोग घेऊन सेवाग्रामला आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांना मालिश केली. त्या मालिशीने रोग बरा होणार नव्हता. पण ज्या कातडीला शिवायला घरचे लोकही धजत नव्हते, ती निगा राखण्याजोगी आहे हे त्यातून सगळ्यांसमोर ठरले. 1951 पासून गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनचे काम वर्ध्यातूनच चालले. या रोगात नसा बिघडतात आणि संवेदना जाते, हे बहुतेकांना ठाऊक असते. घामाच्या ग्रंथींना चालवणाऱ्या नसाही निकामी होतात, हे फारसे सांगितले जात नाही. घाम थांबला की तळवा कोरडा पडतो, घट्टे धरतात, भेगा पडतात. दुखत नसल्यामुळे माणूस तसाच चालत राहतो आणि भेगेची जखम होते. बहुऔषध उपचारातले क्लोफाझिमिन हे औषधही त्वचा कोरडी करते. औषधांनी जंतू मरतात, मेलेली नस बहुधा परत येत नाही. म्हणून कुष्ठसेवेत एक रोजची रीत शिकवली जाते: पाय अर्धा तास साध्या पाण्यात ठेवायचे, घट्टा खरखरीत दगडाने हलक्या हाताने घासायचा आणि त्वचा ओली असतानाच तेल लावायचे. इथे क्रमालाच सारे महत्त्व आहे. कोरड्या पायावर नुसते तेल चोळले तर आत अडवून धरायला पाणीच नसते, आणि पाय भिजवून तसाच सोडला तर ते पाणी थोड्या वेळात उडून जाते.

हायलुरॉनिक अ‍ॅसिड या रीतीत कुठे बसते? ते मुळात आपल्याच शरीरात असते. प्रौढ माणसाच्या अंगात ते सुमारे 15 ग्रॅम असते, त्यातले निम्मे त्वचेत, आणि रोज जवळपास एक तृतीयांश मोडून नव्याने घडते. साखरेच्या घटकांची ही लांब साखळी पाणी धरून ठेवते, त्यामुळे आतली त्वचा भरीव राहते. पण बाहेरून लावलेला मोठा रेणू तिथवर पोचत नाही. साधारण 500 डाल्टनपेक्षा मोठे रेणू त्वचेचा वरचा थर सहजासहजी ओलांडत नाहीत, आणि हा तर लाखो डाल्टनचा. म्हणजे लावलेले सीरम वरच्या थरातच पाणी धरते, त्वचा मऊ करते आणि बारीक रेषा काही काळ पुसट करते. वर्ध्याच्या मे महिन्यात, पारा 45 अंशांच्या घरात आणि हवा कोरडी असताना, त्यावर झाकण नसेल तर तेही पाणी उडून जाईल. म्हणून ते ओल्या त्वचेवर लावून वरून क्रीम किंवा तेलाचा थर द्यावा लागतो. क्रम तोच: आधी पाणी, मग त्याला धरणारे आणि अडवणारे काही. पाणी धरण्याच्या कामात हा रेणू निपुण आहे. अडवण्याचे काम त्याचे नाही.

यावर कोणी म्हणेल, खोल जात नसेल तर त्वचेच्या पुनरुज्जीवनाच्या उपचारांत त्याचे काय काम? काम आहे. मायक्रोनीडलिंग किंवा लेझरमध्ये त्वचेला मोजूनमापून इजा केली जाते, म्हणजे ती स्वतःच दुरुस्तीला लागते. ओलसर ठेवलेली जखम कोरड्या खपलीखालच्या जखमेपेक्षा लवकर नव्या त्वचेने झाकली जाते, हे जॉर्ज विंटर यांनी 1962 मध्ये डुकरांवरच्या प्रयोगांतून दाखवले. दुरुस्ती पेशी करतात, हायलुरॉनिक अ‍ॅसिड त्यांना लागणारी ओल पुरवते. म्हणून त्याला पूरक म्हणणे योग्य, उपचार म्हणणे नव्हे. सुईने उघडलेल्या त्वचेवर मात्र घरातले सीरम लावू नये, तिथे निर्जंतुक द्रावणच हवे. दुसरा आक्षेप असा की सौंदर्योपचार आणि कुष्ठरुग्णाचा पाय एकाच पंगतीत बसवणे बरे नाही. मला ते बरेच वाटते. रुग्णाच्याच रक्तातल्या प्लेटलेट्स वापरून चेहऱ्यावर जो उपचार होतो, त्याच जातीचा उपचार भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी कुष्ठरोगातल्या न भरणाऱ्या व्रणांवरही केला आहे. त्वचेचा नियम दोन्हीकडे एकच आहे. फरक आहे तो कोणाच्या त्वचेवर किती पैसा आणि किती लक्ष खर्च होते याचा.

ज्याला परवडते त्याने सीरम जरूर वापरावे, फक्त योग्य क्रमाने. आणि अंगावर कुठे फिकट, बधिर चट्टा दिसला किंवा तळव्याची जाणीव कमी वाटली, तर त्यावर काहीही चोळत न बसता आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. कुष्ठरोगाची तपासणी आणि औषधे तिथे मोफत मिळतात.