हस्त ते स्वाती : आंबेनळीच्या पायथ्याची दुबार शेती आणि अल्पभूधारकाचा भाजीपाला – एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

सावित्री नदीचा उगम जुन्या महाबळेश्वरास होतो. आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी ती पोलादपुरास येते व पुढे महाडवरून वाहत जाऊन बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्रास मिळते. या एकाच नदीच्या माथ्यावर जवळजवळ दोनशे वर्षे बाजारासाठी भाजीपाल्याचे मळे पिकत आले आहेत. घाट उतरताच मात्र चित्र पालटते. भाताची कापणी झाली की खोऱ्यातील बरीचशी खाचरे पुढील मृगापर्यंत उघडी राहतात. या विरोधाची कारणे सांगताना जमीन उथळ आहे, पाणी टिकत नाही, असे निसर्गाकडे बोट दाखविले जाते. नाहीतर कोकणी शेतकऱ्याचे चित्त मुंबईत आहे, असा ठपका ठेवला जातो. पहिले कारण अर्धे खरे आहे, दुसरे बरेचसे अन्यायाचे आहे. पावसाळा सरताना शेतकऱ्याच्या हाती जे थोडे दिवस असतात, त्या दिवसांवर सत्ता कोणाची होती, हा प्रश्न दोन्ही उत्तरांत सुटून जातो. प्रस्तुत लेखात महाड व पोलादपूर तालुक्यांच्या संदर्भात त्याचा विचार केला आहे.

हळवे, निमगरवे, गरवे

या भागात पावसाचे मान वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक आहे. परंतु त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून उतारावरून वाहून जातो. उत्तरा नक्षत्र सरून सप्टेंबरच्या अखेरीस हस्त लागते, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात चित्रा येते आणि महिना संपता संपता स्वाती. एवढ्याच काळात जमिनीला वाफसा येतो, आणि एवढ्याच काळात अंगओलीवर दुसरे पीक उभे करता येते. स्वातीनंतर मुरमाड जमीन झपाट्याने कोरडी पडते, बांध तडकतात व बी उगवण्याइतकी ओल वरच्या थरात उरत नाही.

अडचण अशी की हे दिवस भाताने आधीच व्यापलेले असतात. कोकणातील शेतकरी भाताचे हळवे, निमगरवे व गरवे असे तीन वर्ग त्याच्या मुदतीवरून करतो. हळवे भात वरच्या, हलक्या खाचरांत घालतात. ते लवकर निघते, पण ती जमीनही लवकर वाळते. गरवे भात खालच्या पाणथळ खाचरांत असते; तेथे ओल भरपूर, पण पीक उभे राहते ते कार्तिकापर्यंत. थोडक्यात, जेथे शेत मोकळे होते तेथे ओल नाही आणि जेथे ओल आहे तेथे शेत मोकळे नाही. दोन्हींचा मेळ त्यातल्या त्यात बसतो तो मधल्या, निमगरव्या खाचरांत. वाल, पावटा, हरभरा, चवळी ही कोलाबा जिल्ह्याची जुनी दुबार पिके अशा खाचरांच्याच आश्रयाने टिकली. थंडीत वालाच्या कोवळ्या शेंगा भांबुर्डीच्या पाल्यासह मडक्यात भाजून केली जाणारी पोपटी आज पर्यटकांच्या कौतुकाचा विषय झाली असली, तरी मुळात ती या दुबार शेंगेचीच देणगी होय.

पाल्याच्या व फळभाज्यांचे गणित आणखी अवघड आहे. वांगी, मिरची, टोमॅटो यांची रोपे गादीवाफ्यावर चार-पाच आठवडे आधी तयार करावी लागतात. म्हणजे आश्विनात लागवड करावयाची तर भाद्रपदात, पाऊस कोसळत असताना, बी पेरावयास हवे. वाफा उंच नसेल, त्यावर आडोसा नसेल, तर रोपे कुजून कोलमडतात. या लागवडीची आखणी भात उभे असतानाच करावी लागते आणि तिच्यासाठी राखून ठेवलेला तुकडा भाताला मिळत नाही. दोन-चार गुंठ्यांच्या मालकाला हा निर्णय सोपा नाही. म्हणूनच पडवळ, दोडका, काकडी, भोपळा ही मांडवावर चढणारी पावसाळी भाजी घराच्या परसात राहिली, गणपतीपर्यंत पुरली आणि शेतात उतरली नाही.

उत्तर हिंदुस्थानातील मैदानी प्रदेशाशी तुलना केली असता हा फरक अधिक स्पष्ट होतो. फ्लॉवरचे बी १८२२ मध्ये इंग्लंडमधून सहारनपूरच्या बागेत आले व पुढे तेथील माळ्यांनी निवड करीत त्याच्या देशी जाती घडविल्या. त्यांची नावेच महिन्यांवरून पडली आहेत : कुंवारी म्हणजे आश्विनाची, कातकी म्हणजे कार्तिकाची, अगहनी म्हणजे मार्गशीर्षाची. गंगेच्या खोल गाळाच्या जमिनीत, विहिरी-कालव्यांच्या आधाराने, शेतकऱ्याला महिना निवडण्याची मुभा होती. आंबेनळीखालच्या शेतकऱ्याला महिना नव्हे, पंधरवडा मोजावा लागे.

माथ्यावरचे मळे

सर जॉन माल्कम याच्या पुढाकाराने १८२८-२९ च्या सुमारास महाबळेश्वर येथे युरोपीयांचे गिरिस्थान वसले. हंगामात येणाऱ्या साहेबमंडळींना बटाटा व विलायती भाज्या हव्या होत्या. तेथील तुरुंगात मलाया द्वीपकल्पाकडील वसाहतींतून आणलेले चिनी कैदी ठेवलेले होते. त्यांच्या श्रमातून भाजीपाल्याचे मळे उभे राहिले. १८६० च्या दशकात तुरुंग बंद झाला, तरी त्यांची आठवण तेथील ‘चायनामन’ धबधब्याच्या नावात राहिली आहे. माथ्यावरील भाजीची सुरुवात अशी सक्तीच्या श्रमातून आणि हमखास गिऱ्हाइकातून झाली, ही गोष्ट पायथ्याच्या शेतकऱ्याला नावे ठेवताना सहसा ध्यानात घेतली जात नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आंबेनळीचा गाडीरस्ता झाला. मुंबईचा गव्हर्नर सर सेमूर फिट्झजेराल्ड (कारकीर्द १८६७–१८७२) याच्या नावाने तो ओळखला जाई. प्रतापगडाच्या कुशीतून जाणाऱ्या या वाटेने घाटावरचा माल महाड बंदराकडे उतरणे सुकर झाले. रस्ता दोन्ही दिशांना सारखाच उघडा असतो, पण त्याचा लाभ सारखा होत नाही. खाली येणाऱ्या मालाला बाजार मिळाला. खोऱ्यातील कुणब्याला मात्र विकण्याजोगे दुबार पीकच नव्हते. ते का नव्हते, याचे उत्तर जमिनीच्या धारणापद्धतीत शोधावे लागते.

खोत, कूळ आणि अभावणी

महाड तालुक्यात (पोलादपूर त्या काळी त्यातच समाविष्ट होते) खोती गावांचे प्रमाण मोठे होते. खोत सरकारला सारा भरी आणि कुळांकडून धान्यरूपाने वाटा घेई. सर्वसाधारण रीत भाताचा निम्मा व डोंगरउतारावरील वरकस पिकांचा तिसरा हिस्सा अशी असे. वाटा ठरविण्यासाठी उभ्या पिकाचा अंदाज घेण्यात येई. त्यास अभावणी म्हणत. अभावणीविषयी लिहिताना अभ्यासकांनी मुख्यतः तिच्यातील अतिरेकी आकारणीचा विचार केला आहे. तो योग्यच आहे. तथापि तिच्यात वेळेचाही प्रश्न होता. पीक पाहिले जाईपर्यंत कुळाला थांबणे भाग होते. पिकलेल्या भाताला आठ दिवस थांबणे हे एरवी फार नुकसानीचे नव्हे. पण ज्या शेतात त्यामागून वाल टोकावयाचा आहे तेथे त्या आठ दिवसांत ओल निघून जाते. कापणी, झोडणी, वाटप आणि खोताच्या घरची वेठ ही सारी कामे नेमकी याच सुमारास येत. धान्याचा हिस्सा कागदावर मोजता येतो, गेलेला वाफसा कोठेच नोंदला जात नाही.

कायम कुळाचा हक्क नसलेल्या शेतकऱ्याने विहीर खणावी, दगडी गडगा घालावा, अशी अपेक्षा करणेही व्यर्थ होते; सुधारलेला तुकडा दुसऱ्या वर्षी दुसऱ्याच्या हाती जाण्याची भीती होती. दलित कुटुंबांची स्थिती याहून बिकट होती. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. ज्या समाजात पिण्याच्या पाण्यासाठी ही झुंज द्यावी लागते, तेथे सार्वजनिक विहिरीवरून भाजीच्या वाफ्याला पाणी घालण्याचा विचारही कोणी केला नसता.

खोतीविरुद्धचा लढा प्रथम अलिबाग तालुक्यात पेटला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरी व परिसरातील शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ असा दीर्घ संप केला. डॉ. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी मुंबईत शेतकऱ्यांचा मोर्चा निघाला. प्रत्यक्ष खोती निर्मूलनाचा कायदा मात्र १९४९ साली झाला. १९४८ च्या कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा ‘कृषकदिन’ ठरला व कसणारा मालक झाला.

मोकाट गुरे आणि मुंबईची वाट

मालकी मिळाली, तरी दुबार शेती आपोआप वाढली नाही. भात निघाले की गुरे मोकळी सोडण्याची गावोगावची जुनी चाल आहे. सगळ्यांचीच शेते रिकामी असतील तर ती सोयीची ठरते. फुकट चारा मिळतो आणि शेणखतही शेतात पडते. पण एखाद्याने वाल किंवा वांगी लावली की त्याला एकट्याने चारही बाजूंनी काट्याची वई घालावी लागते. तुकडा जितका लहान, तितका गुंठ्यामागे कुंपणाचा खर्च अधिक. त्यामुळे येथे एका शेतकऱ्याची आखणी पुरत नाही, वाडीची आखणी लागते. ज्या वाडीने एकमताने गुरे बांधली तेथे दुबार पीक आले, जेथे मत फुटले तेथे पहिल्याच वर्षी शेंगा गुरांनी खाल्ल्या.

याच काळात तरुण पुरुष मुंबईच्या गिरण्यांत होते. त्यांना आळशी म्हणणे सोपे आहे. परंतु मुंबईला जाण्यामागे हेच गणित होते की चार महिन्यांच्या भाताने बारा महिन्यांचे पोट भरत नव्हते. मागे राहिलेल्या स्त्रियांनी कापणी, झोडणी, गुरे आणि परस सांभाळला. परसातील माठ, मुळा व मिरची हे त्यांचेच नियोजन होते. सातबाऱ्यावर नाव पुरुषाचे असल्याने कागदोपत्री त्याला स्थान मिळाले नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर अनेक कामगार गावी परतले, तेव्हा त्यांना काम दिले ते या परसांनी आणि थोड्याशा दुबार शेतीने.

नवे वाण, जुना पंधरवडा

दापोली येथे १९७२ साली कोकण कृषी विद्यापीठाची स्थापना झाली. भाजीपाल्यासाठी तेथील संशोधनाचा सर्वांत मोठा उपयोग भाजीपाल्याच्या वाणांनी नव्हे, तर भाताच्या वाणांनी झाला असे म्हणावयास हरकत नाही. कर्जत संशोधन केंद्राचे ‘कर्जत-१८४’ व ‘कर्जत-३’ यांसारखे हळवे वाण लवकर तयार होऊन शेत मोकळे करतात. वालाचा ‘कोकण भूषण’ हा बुटका वाणही याच विद्यापीठाचा. आंबेनळीच्या पायथ्याशी मात्र हळव्या भाताला एक मोठा धोका आहे : ते पिकते तेव्हा हस्ताचा पाऊस संपलेला नसतो. लवकर पिकलेले भात भिजले, आडवे झाले, तर भाजीसाठी मिळविलेले पंधरा दिवस भाताच्या नुकसानीत जातात. म्हणूनच पोलादपूरकडील शेतकऱ्याने सगळ्या खाचरांत हळवे न लावता निमगरव्याचा हात सोडला नाही, तर त्यास अज्ञान म्हणता येणार नाही.

१९९० पासून रोजगार हमी योजनेतून वरकस जमिनीवर आंबा-काजूच्या बागा उभ्या राहिल्या. वरकस सुधारले, खाचरांचा प्रश्न तसाच राहिला. जुलै २००५ व जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत महाड-पोलादपूर परिसरात दरडी कोसळल्या, दासगाव, जुई, तळिये, केवनाळे येथे मोठी जीवितहानी झाली. डोंगरालगतच्या खाचरांत दगडमाती येऊन पडली. पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या पायऱ्या पुन्हा घालण्यास एक हंगाम पुरत नाही.

ओढ्यावर सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून घालावयाचा वनराई बंधारा हा या भागात भाजीसाठी सर्वांत स्वस्त उपाय ठरला आहे. तोही चित्रा नक्षत्रातच, ओढा वाहता असताना घालावा लागतो. त्याच आठवड्यात निमगरव्या भाताच्या कापणीला माणसे हवी असतात. सर्व हात शेतात गुंतलेले असतात. दिवाळीनंतर सवड मिळून बंधारा पडतो तेव्हा ओढ्याची धार बारीक झालेली असते, आणि त्या पाण्यावर वाडीतील मोजकेच वाफे भिजतात.