खोलींतील उजेडाचा हिशेब

संध्याकाळीं घरांत एकच दिवा लावावा आणि त्याच्यापुढें एखादें पुस्तक आडवें धरावें. भिंतीवर पुस्तकाची सावली पडते. परंतु ती काळीकुट्ट नसते. त्या सावलींतही भिंतीवरचा खिळा दिसतो. दिव्याचा किरण तर तेथें पोंचत नाहीं. मग हा उजेड आला कोठून? तो छताकडून, समोरच्या भिंतीकडून आणि जमिनीकडून आला. खोलींत दिवा एक असला तरी उजेड देणारे अनेक असतात. आज घर बांधण्यापूर्वींच त्यांतील दिवाणखान्याचें हुबेहूब चित्र संगणकावर काढून दाखविण्याची रीत पडली आहे. त्या चित्रांचा इतिहास हा बहुतांशीं या परतून आलेल्या उजेडाचा हिशेब मांडण्याचा इतिहास आहे, आणि तोच आज आपणांस सांगावयाचा आहे.

या शास्त्राचा पाया योहान हाइनरिख लाम्बर्ट यानें घातला. इ. स. १७२८ मध्यें म्युलहाउस येथें एका शिंप्याच्या घरीं तो जन्मला. वयाच्या बाराव्या वर्षीं त्याची शाळा सुटली; पुढील सारी विद्या त्यानें स्वतःच्या हिंमतीवर मिळविली. १७६० मध्यें प्रसिद्ध झालेल्या ‘फोटोमेट्रिया’ या लॅटिन ग्रंथांत त्यानें उजेडाच्या मोजणीचे नियम मांडले. किरण पृष्ठभागावर जितका तिरपा पडेल तितका तो अधिक जागेवर पसरतो व उजेड कमी होतो, हा त्यांपैकीं एक. चुन्याच्या भिंतीसारखा खडबडीत पृष्ठभाग कोणत्याही बाजूनें पाहिला तरी सारखाच उजळ दिसतो, ही कल्पनाही त्याच्याच नांवानें ओळखली जाते. आजची प्रत्येक आज्ञावली भिंत रंगवितांना याच नियमांचा आधार घेते.

परंतु एक भिंत दुसरीला उजळते, दुसरी पहिलीला उजळते, तिसरी दोघींना; हें चक्र गणितांत बांधणें कष्टाचें होतें. अमेरिकेंतील पॅरी मून आणि डॉमिना स्पेन्सर यांनीं संगणकावर चित्रें निघूं लागण्यापूर्वींच हें धाडस केलें. एका रिकाम्या खोलींतील निरनिराळ्या ठिकाणांचें तेज त्यांनीं गणितानें काढलें, त्या त्या तेजाशीं जुळणारे कागदाचे तुकडे कापून एकमेकांशेजारीं चिकटविले आणि त्या जुळणीचें छायाचित्र घेतलें. त्यांचा ‘लायटिंग डिझाइन’ हा ग्रंथ १९४८ सालीं प्रसिद्ध झाला. कात्री आणि खळ यांच्या साहाय्यानें केलेलें तें काम आजच्या चित्रांचें पूर्वज म्हणावयास हरकत नाहीं.

पुढें संगणक आला. युटा विद्यापीठांत आंरी गूरो यानें १९७१ मध्यें व ब्वी तुआंग फाँग यानें १९७५ पर्यंत गोलसर वस्तूंवरील छायाप्रकाश काढण्याच्या सोप्या रीती दिल्या. १९८० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधांत टर्नर व्हिटेड यानें डोळ्यापासून किरण उलटा मागें नेत आरशांतील प्रतिबिंब व कांचेंतील वक्रीभवन दाखविलें. त्याच्या एका चित्रास त्या वेळच्या संगणकावर ७४ मिनिटें लागलीं. आरसे चकाकले, कांचेचे गोळे पारदर्शक दिसले. परंतु खोलीचे कोपरे मात्र निर्जीवच राहिले. कारण भिंतींकडून परतणाऱ्या उजेडाबद्दल या सर्व रीतींत एकच ठराविक आंकडा सर्वत्र मिळवून देत. खाटेखालीं जितका, तितकाच खिडकीपाशीं! हिशेबनिसानें न जुळणारी रक्कम ‘किरकोळ’ या सदराखालीं टाकावी, तसा हा प्रकार होता.

तो दोष १९८४ मध्यें न्यूयॉर्क राज्यांतील कॉर्नेल विद्यापीठांत गोरल, टॉरन्स, ग्रीनबर्ग व बॅटेल या चौघांनीं दूर केला. भट्टींतील तापलेल्या भिंती एकमेकींस उष्णता कशी देतात याचें गणित यंत्रशास्त्रांत पूर्वींच होतें. तेंच त्यांनीं प्रकाशाला लावलें. खोलीचे लहान लहान तुकडे करावयाचे, आणि प्रत्येक तुकडा दुसऱ्या प्रत्येकास किती उजेड देतो तें काढावयाचें. तुकडे १,००० असले तर जोड्या सुमारें १०,००,००० होतात. यावरून श्रमाची कल्पना यावी. त्यांनीं एक पेटी घेतली. तिची एक बाजू लाल, दुसरी निळी. गणितानें काढलेल्या चित्रांत पांढऱ्या पृष्ठभागावर लाल व निळ्या रंगाची झांक आपोआप उतरली. १९८६ मध्यें तेथेंच खरी पेटी व तिचें संगणकीय चित्र प्रेक्षकांपुढें ठेवलें, तेव्हां खरें कोणतें हें ओळखण्यांत त्यांचें यश केवळ तर्कानें सांगितल्याइतकेंच ठरलें.

त्याच वर्षीं कॅलिफोर्नियांतील जेम्स काजिया यानें साऱ्या रीतींस सामावून घेणारें एकच समीकरण मांडलें आणि यदृच्छेनें निवडलेल्या असंख्य मार्गांनीं किरण पाठवून तें सोडविण्याची युक्ति सांगितली. तिची किंमत मोठी होती. थोडे किरण पाठविले तर चित्रावर वाळू पसरल्यासारखे ठिपके येतात. ते निम्मे करावयाचे तर किरण चौपट लागतात. आजचीं वेगवान यंत्रें व ठिपके पुसणाऱ्या नव्या युक्त्या यांमुळें तीच रीत आतां घरोघरच्या संगणकांवर चालते. सोफिया येथील ‘व्ही-रे’ (२००२) किंवा ‘ब्लेंडर’मधील ‘सायकल्स’ (२०११) ही त्याचीं उदाहरणें होत.

येथवर साधनांची कथा झाली. आतां त्यांच्या वापराविषयीं. बर्कले येथील ग्रेग वॉर्ड यानें १९८५ पासून ‘रेडियन्स’ नांवाची आज्ञावली घडविली, ती सुंदर चित्रासाठीं नव्हे, तर बांधावयाच्या खोलींत उजेड किती पडेल तें आधीं कळावें म्हणून. तींत दिवा, आकाश, भिंत यांचीं खरीं मापें द्यावयाचीं असतात. चुन्याची शुभ्र भिंतही पडलेल्या उजेडाचा सुमारें पांचवा हिस्सा गिळते. चित्रकारानें ती शंभर टक्के पांढरी धरली, तर खोलींत नसलेला उजेड चित्रांत फिरत राहतो. पाहणाऱ्याच्या पाठीमागें एक न दिसणारा दिवा ठेवला, म्हणजे तर अंधारी खोलीही प्रसन्न दिसते.

याचा एक अनुभव सांगतों. एका शाळेच्या नव्या वर्गांचें असेंच चित्र आम्हां शिक्षकांस दाखविण्यांत आलें. भिंती पांढऱ्या, सर्वत्र लख्ख उजेड. आम्हीं आनंदानें मान डोलावली. वर्ग बांधून झाले. खिडक्या एकाच बाजूस, भिंतींना मळ दिसूं नये म्हणून गडद तपकिरी रंग. पावसाळ्यांत आभाळ आलें कीं मागील दोन बांकांवरील मुलांना फळा दिसेना. त्यांतील एकास मीं कित्येक दिवस आळशी समजत होतों. पुढें सुटींत भिंतींस चुना दिला. खिडकी एकही वाढली नाहीं, तरी मागील बांकांपर्यंत उजेड पोंचला आणि तो मुलगा फळ्यावरचें उतरवून घेऊं लागला. त्याला मीं उगाच बोल लावले, याची खंत मला अजून आहे.

म्हणून, श्रोतेहो, घराचें, शाळेचें वा रुग्णालयाचें असें चित्र आपणांपुढें आलें, तर त्याच्या सौंदर्यास भुलण्यापूर्वीं तीन प्रश्न अवश्य विचारावे. हा उजेड कोणत्या ऋतूंतील व किती वाजतांचा आहे? भिंतींचा रंग प्रत्यक्षांत हाच राहणार काय? आणि चित्रांत न दिसणारा एखादा दिवा कोठें ठेवला आहे काय? उत्तरें देण्याइतकें गणित आज त्या आज्ञावलींत निश्चित आहे. विचारणारा मात्र पाहिजे.