आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर अमिनो आम्लांची पावडर : घ्यावी का?

आतड्याचा खराब भाग काढल्यावर उरलेली टोके टाक्यांनी जोडली जातात. पहिले काही दिवस हा जोड टाक्यांवरच टिकतो. पुढे शरीर तेथे नवीन ऊतक तयार करते. त्यासाठी प्रथिने लागतात. अमिनो आम्ले हे प्रथिनांचे घटक होत.

पावडरमध्ये काय असते?
बहुधा आर्जिनिन किंवा ग्लुटामिन. आर्जिनिन जखम भरण्यास उपयोगी पडते, तर ग्लुटामिन आतड्यातील पेशींचे इंधन आहे. शस्त्रक्रियेपूर्वीच कुपोषित असलेल्या काही रुग्णांना डॉक्टर असा विशेष आहार देतात. प्रत्येकाला त्याची गरज नसते. अतिदक्षता विभागातील, अवयव निकामी झालेल्या रुग्णांना जास्त मात्रेत ग्लुटामिन दिल्यास अपाय झाल्याचे आढळले आहे. त्यामुळे ही पावडर स्वतःहून घेऊ नये.

जेवणातून किती मिळते?
शस्त्रक्रियेनंतर साधारणपणे प्रतिकिलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात; म्हणजे ५० किलो वजनाच्या व्यक्तीस ६० ते ७५ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, २०० मि.लि. दुधात ६ ग्रॅम आणि ३० ग्रॅम कच्च्या मूगडाळीत ७ ग्रॅम प्रथिने असतात. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पातळ वरण, दही, मऊ खिचडी, उकडलेले अंडे थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा द्यावे. मूत्रपिंडाचा आजार असल्यास प्रमाण डॉक्टरच ठरवतील.

योजनेतून काय मिळते?
आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रोखविरहित उपचार मिळतात. मंजूर पॅकेजमध्ये रुग्णालयातील औषधे, तपासण्या, जेवण आणि घरी सोडल्यानंतर १५ दिवसांपर्यंतचा पाठपुरावा समाविष्ट असतो. कोणी बाहेरून पावडर आणण्यास सांगितल्यास उसनवारी करण्यापूर्वी पुढील गोष्टी करा :

१. ती खरोखर आवश्यक आहे का, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारा.
२. आवश्यक असल्यास चिठ्ठीवर लिहून घ्या.
३. ती पॅकेजमधून मिळेल का, हे रुग्णालयातील आरोग्य मित्राला विचारा.
४. अडचण आल्यास १४५५५ या निःशुल्क क्रमांकावर संपर्क साधा.

त्वरित रुग्णालयात कधी जावे?
ताप, वाढती पोटदुखी, पोट फुगणे, सतत उलट्या, नाडी जलद होणे किंवा जखमेतून पू वा मळ येणे यांपैकी काहीही आढळल्यास. आतड्याचा जोड गळत असल्याची ही लक्षणे असू शकतात. अशा वेळी पावडर किंवा घरगुती उपायांत वेळ घालवू नये.