कारवानी कुत्रा : शिकार, शर्यत आणि ‘दत्तक’

दक्षिण महाराष्ट्रात व लगतच्या कर्नाटकात जो सडपातळ, लांब पायांचा शिकारी कुत्रा आढळतो, त्यास ‘कारवानी’ म्हणतात. ‘कारवान’ हा शब्द फार्सी असून त्याचा अर्थ व्यापाऱ्यांचा तांडा. तांड्यांबरोबर हा कुत्रा दख्खनेत आला, अशी परंपरा या नावामागे आहे. पुढे मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी त्याची निपज जोपासली व ‘मुधोळ’ हेही नाव रूढ झाले. एक नाव वाटेचे, तर दुसरे राजाश्रयाचे होय.

ज्या गुणामुळे हा आश्रय लाभला, तो गुण म्हणजे नजरेने सावज हेरून वेगाने गाठण्याचा. इंग्लंडातील ग्रेहाउंड याच जातकुळीचा. तेथे १९२६ मध्ये मँचेस्टर येथे यांत्रिक सशामागे कुत्रे धावविण्याची शर्यत सुरू झाली आणि शिकारीचा सोबती पैजेचे साधन बनला. वेग ओसरला की त्याचे मोल संपे. परंतु आयुष्य संपत नसे. अशा निवृत्त कुत्र्यांना घरे मिळवून देण्याची चळवळ या विसंगतीतूनच उभी राहिली. न्यूझीलंडच्या शासनाने तर डिसेंबर २०२४ मध्ये हा व्यवसायच बंद करण्याचा निर्णय जाहीर केला.

आपल्याकडे क्रम निराळा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर निर्बंध आले व १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही जवळजवळ संपुष्टात आली. सशामागे धावणे हेच ज्याचे प्रयोजन, त्या कुत्र्यास कायदेशीर काम उरले नाही. राहिली ती राखण, हौस आणि गावोगावच्या शर्यती. शर्यतींसंबंधी आपला सार्वजनिक वाद मात्र बैलांभोवतीच फिरला : २०१४ ची न्यायालयीन बंदी, २०१७ चा राज्याचा कायदा आणि २०२३ मध्ये घटनापीठाने त्यास दिलेली मान्यता. या वादात शर्यत कशी व्हावी याची चर्चा पुष्कळ झाली; शर्यतीनंतर प्राण्याचे काय, हा प्रश्न मागेच राहिला.

उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्यास टाकून देणे हा १९६० च्या कायद्यान्वये गुन्हा आहे. परंतु त्या कायद्याने पहिल्या अपराधास ठरविलेला दंड १० ते ५० रुपये एवढाच. अशा दंडाचा धाक कोणास वाटणार? म्हणून अशा कुत्र्यांस घर देण्याचा मार्ग विचारार्ह ठरतो.

येथे ‘दत्तक’ या शब्दाकडे लक्ष वेधणे उचित होईल. ‘दत्त’ म्हणजे दिलेला. आपल्या परंपरेत दत्तकविधान प्रामुख्याने घेणाऱ्याच्या वंशासाठी होते; दत्तक नामंजूर झाला म्हणून १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाले, हे सर्वविदित आहे. प्राण्याच्या बाबतीत मात्र या शब्दाचा रोख उलटतो. येथे वारसा चालवावयाचा नसून एका जीवाचे उरलेले आयुष्य सांभाळावयाचे असते. घेणाऱ्याने या कुत्र्याकडून शिकारीची वा बक्षिसाची अपेक्षा ठेवल्यास जुनाच व्यवहार नव्या नावाने चालेल. त्यास मोकळे धावण्यास जागा मिळावी, परंतु धावण्यावर त्याचे अन्न अवलंबून नसावे. एवढे साधले, तरच या शब्दाचा नवा अर्थ खरा ठरेल.